व्याही आणि यानरावांचा जड चाप

माझ्या व्याह्यांसारखा माणूस अख्ख्या नेदरलँड्समध्ये, समुद्राच्या पातळीच्या वर काय आणि खाली काय, दुसरा सापडायचा नाही. आणि चुकून सापडलाच तर एव्हाना व्याह्यांनी त्यालाही खोलून, पुसून, तेल देऊन परत जोडलं असेल. चौतीस वर्षं ते पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे मिस्त्री. निवृत्त होऊन सोलापुरात दोन खोल्यांच्या घरात एकटे राहत. माझी लेक आणि जावई नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावी असतात. लेकीच्या बाळंतपणाला मी फलटणहून आले ती तीन महिन्यांसाठी, आणि नातीचं तोंड बघायला व्याही आले ते पंधरा दिवसांसाठी. पंधरावा दिवस उजाडायच्या आत करोनामुळे विमानं बंद झाली. विहीण-व्याह्यांनी लग्नात मानपान करावेत, दिवाळीला फराळाचे डबे पाठवावेत आणि बाकीचं वर्ष शंभर-दीडशे किलोमीटरवरून एकमेकांची चौकशी करावी, अशी आपल्याकडची रीत. इथे सरकारनं दीड मीटर सांगितलं, आणि घरात तर तेवढंही भरत नव्हतं. मी नवरा गेलेली, त्यांची बायको गेलेली, वर दोन खोल्या, खाली एक, आणि मध्ये पाळण्यात दोन महिन्यांची चिऊ.

व्याह्यांच्या मते जगातल्या प्रत्येक वस्तूला चाप असतो. बंदुकीचा सगळ्यांना दिसतो, कारण तो बोटानं ओढायचा असतो. पण फ्रिजचं दार किती जोर लावल्यावर सुटतं, तो फ्रिजचा चाप. तसा खिडकीच्या कडीचा, बॉलपेनच्या टोकाचा, सॅनिटायझरच्या बाटलीचा. चाप जड असला की माणूस वैतागतो, हलका असला की घात होतो, आणि नेमका असला की माणसाला कळतही नाही आपण सुखात आहोत ते. विमानात सामान तेवीस किलोच्या आत बसावं म्हणून आपण सगळे हूक लावलेला एक हातकाटा बरोबर आणतो ना, तो त्यांनी पहिल्याच आठवड्यात ताब्यात घेतला. हूक अडकवायचा, श्वास रोखून हळूहळू ओढायचं, आणि वस्तू सुटली की आकडा मोठ्यानं वाचायचा. फ्रिज, तीन किलो दोनशे. चमच्यांचा खण, नऊशे ग्रॅम. गल्लीतल्या सायकलींचे ब्रेक तर त्यांनी मालकांच्या नकळत मोजून वहीत उतरवले होते. जावई वरच्या खोलीतून घरूनच ऑफिस करायचे. त्यांच्या खुर्चीचा वर-खाली करायचा दांडा जड आहे म्हणून व्याह्यांनी तो एका सकाळी दुरुस्त करून दिला. दुपारी जावई मोठ्या साहेबांपुढे काही समजावून सांगत असताना खुर्ची आपणहून खाली खाली जाऊ लागली. जावई शिस्तीचे, बोलायचे थांबले नाहीत. शेवटी पडद्यावर नुसतं कपाळ उरलं आणि ते कपाळ म्हणे पाच मिनिटं आकडे सांगत होतं.

मग छत्रीचं झालं. लेकीची घडीची छत्री होती, बटण दाबलं की उघडणारी. बाईमाणसाच्या अंगठ्याला त्रास होतो म्हणून व्याह्यांनी ती खोलली आणि बटण लोण्यासारखं करून दिलं. दुसऱ्या दिवशी मी आणि लेक सुपरमार्केटच्या रांगेत उभ्या होतो, जमिनीवर चिकटवलेल्या पट्ट्यांवर, सगळे अंतर राखून. लेकीला शिंक येईल असं वाटलं. आली नाही, नुसती मान हलली, पण तेवढ्यानं खांद्याच्या पिशवीतली छत्री फाडकन उघडली. बटाटे चारी दिशांना गेले. पुढच्या बाई दोन पट्ट्या पुढे, मागचे गृहस्थ तीन पट्ट्या मागे. इतकं चोख अंतर त्या दुकानात त्याआधी कुणी राखलं नसेल. घरी येऊन सांगितलं तेव्हा व्याही हसले नाहीत. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे छत्रीजवळ बसले आणि पाळण्याकडे बघून म्हणाले, "चिऊबाई, हलका चाप म्हणजे चांगला चाप नव्हे हो. ओढला की सुटला पाहिजे, आणि ओढला नाही तर घर कोसळलं तरी सुटता कामा नये. माझं चुकलं." संध्याकाळपर्यंत त्यांनी बटण परत जड केलं. ती छत्री आजही इमानानं वागते.

हे त्यांनी नातीला सांगितलं, कारण घरात मी होते आणि माझ्याशी थेट बोलायची त्यांची रीत नव्हती. माझीही नव्हती. मी आधीच कमी बोलणारी. त्यातून समोर व्याही. दोघांनीही काही ठरवलं नाही, पण पहिल्याच दिवसापासून आमचं सगळं बोलणं चिऊच्या मार्फत सुरू झालं. ते म्हणायचे, चिऊबाई, आजीला म्हणावं चहा छान झालाय. मी म्हणायची, चिऊ, आजोबांना सांग पातेल्यात अजून आहे. ती एकदा त्यांच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे, आणि दूध ओकायची. लेक म्हणाली, "तुम्ही दोघांनी माझ्या पोरीचं टेलिफोन एक्स्चेंज करून टाकलंय." एकदा तर आमचं भांडणसुद्धा तिच्यातूनच झालं. या थंडीत बाळाला तेल लावून उघडं ठेवावं की नाही, यावर. ती मध्ये चटईवर तेलात न्हालेली, मी एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला, आणि दोघंही तिलाच बजावतोय. शेवटी तिनं आजोबांच्या विजारीवर निकाल दिला आणि वाद मिटला.

आमच्या डाव्या हाताच्या घरात यान नावाचे एक डच आजोबा एकटे राहत. पंच्याहत्तरीच्या पुढचे, पण उंच इतके की कुंपणावरून त्यांचं डोकं कायम दिसायचं, जणू वाळत घातलंय. व्याही त्यांना यानराव म्हणत. सगळं बंद असल्यामुळे दोघेही मोकळे. कुंपणाच्या अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक खुर्ची, आपापला चहा आपापल्या हातात, आणि गप्पा. यानराव डचमध्ये आणि थोड्या इंग्रजीत बोलत, व्याही मराठीत आणि शस्त्रागारातल्या इंग्रजीत. दोघांचा एकेक कान गेलेला होता, त्यामुळे काही अडत नव्हतं. मी कपडे वाळत घालताना ऐकायची. एक जण गाईंविषयी बोलायचा, दुसरा काडतुसांविषयी, आणि दोघेही एकाच वेळी समाधानानं मान हलवायचे.

एक दिवस यानरावांनी त्यांच्या शिकारीच्या रायफलीचा विषय काढला. त्यांना रीतसर परवाना होता, आणि वर्षातून काही दिवस ते मित्राच्या शेतावर हरणाच्या शिकारीला जात. रायफल जुनी, कडीची. म्हणजे बोटांखाली एक लोखंडी कडी असते, ती पुढे ढकलून मागे घेतली की नवी गोळी चढते. तिचा चाप पहिल्यापासून जड. तरुणपणी यानरावांना ते जाणवलं नाही, पण आता बोटांचे सांधे सुजलेले. ओढताना जोर करावा लागे आणि नळी भलतीकडे वळे. गेल्या हंगामात गोळी इतक्या लांबून गेली, की हरणानं पळायच्याऐवजी मान वळवून पाहिलं, ही नक्की कुणासाठी होती. हे यानरावांनी हातवारे करून सांगितलं. स्वतः हरीण झाले, स्वतःच स्वतःकडे कीव करून पाहिलं. व्याही मात्र जड चाप एवढं ऐकूनच उठून उभे राहिले होते. त्यांनी एकच विचारलं, हाऊ मेनी किलो? यानरावांना ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं रायफल घरात आणि चापाचं वजन माहीत नाही! आपल्याला मुलं किती, हे एखाद्यानं आठवून सांगावं, तसं व्याह्यांना वाटलं. त्या रात्री ते दोनदा जेवले.

पण कायद्याचे ते पक्के. रायफलीला बोट लावण्याआधी त्यांनी परवाना मागितला. यानरावांनी तो कुंपणावर धरला. व्याह्यांनी दीड मीटरवरून, दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून, न कळणारी डच भाषा पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचली, पान उलटायला लावलं, आणि वहीत लिहिलं: परवाना पाहिला, शिक्का स्पष्ट. मग पाहुण्यानं मालकासमोर बसून दुरुस्ती केली तर चालेल का, हे यानरावांना परवान्याच्या कचेरीत फोन करून विचारायला लावलं आणि फोन होईपर्यंत कुंपणाशी उभे राहिले. लेखी मिळालं असतं तर बरं झालं असतं, अशी हळहळ त्यांना शेवटपर्यंत होती. ठरलं ते असं: रायफल यानरावांच्या घराबाहेर जाणार नाही, काडतुसं तिजोरीत, किल्ली यानरावांच्या खिशात, आणि काम चालू असेल तेव्हा ते स्वतः समोर बसतील. त्यांच्या मागच्या अंगणात सायकली ठेवायची लाकडी खोली होती, तिथे दार सताड उघडं ठेवून बसायचं. राहता राहिला पंच. पंचाशिवाय हत्यार उघडायचं नाही, ही व्याह्यांची चौतीस वर्षांची सवय. जावई मीटिंगमध्ये, लेक कामावर रुजू झालेली. मग चिऊबाईंना विनंती झाली की आजीला पंच म्हणून यायला सांगावं. मी थर्मास भरला, सात महिन्यांच्या चिऊला ढकलगाडीत घातलं आणि दाराशी जाऊन बसले. त्या खोलीत दोन म्हातारे, एक उघडी रायफल, दोन सायकली, आणि दाराबाहेर पंच क्रमांक एक आणि पंच क्रमांक दोन. पंच क्रमांक दोनच्या तोंडात अंगठा.

पहिल्या दिवशी चाप मोजला. चार किलो सहाशे. व्याही दोन पावलं मागे सरले. हा चाप नाही, हा विहिरीचा रहाट आहे, असं त्यांनी चिऊला सांगितलं. पण त्या आनंदात दिवस संपला. दुसऱ्या दिवशी उजेड बरोबर नव्हता. तिसऱ्या दिवशी उजेड होता, पण वारा होता. आणि वारा नसेल असा दिवस त्या देशात कुठून आणायचा? चौथ्या दिवशी हवेत ओल निघाली. पाचव्या दिवशी लोखंडाला अजून माणसाची ओळख झालेली नाही असं ठरलं. यानराव दर वेळी गंभीरपणे मान हलवत, रायफल तिजोरीत ठेवत आणि बिस्किटं बाहेर काढत.

खरं कारण मला ठाऊक होतं, कारण त्यांना चहा मी द्यायची. सुरुवातीला ते कपभर घेत. आता अर्धाच. तोही निवेपर्यंत तसाच ठेवत, आणि कुणी बघत नाही असं पाहून दोन्ही हातांनी उचलत. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट सारखं एकमेकांवर फिरायचं, मध्ये न दिसणारा एखादा स्क्रू असल्यासारखं. मला ती मिस्त्रीकामाची लकब वाटली होती. पण वहीतली त्यांची अक्षरंही हळूहळू मुंग्यांसारखी बारीक होऊन पांगायला लागली, तेव्हा समजलं. जावई खोलीत आले की व्याही उजवा हात मांडीखाली घेऊन बसत. जावयांनी दोनदा म्हटलं होतं, बाबा, आता सोलापूरला एकट्यानं राहणं बरं नाही. भारतात परत नेणाऱ्या खास विमानांच्या यादीत आम्ही दोघांनी नावं घातली होती आणि व्याही रोज विचारत होते, नंबर कितवा. हात दिसला तर नाव कटणार. सोलापूरच्या मित्राला ते फोनवर सांगत होते ते मी जिन्यात ऐकलं, "हात चालतोय तोवर घर आपलं, गड्या." मी तीन पायऱ्या मागे गेले आणि पाय वाजवत पुन्हा आले.

बिस्किटं संपत आली आणि हंगाम जवळ आला. एक दिवस यानराव अगदी हळू आवाजात म्हणाले की, त्रास घेऊ नका, मी ती रायफल विकून टाकतो. नाहीतरी मुलगा कधीचा मागे लागलाय, तुझं वय झालं म्हणून.  घरी येऊन व्याह्यांनी एकही वस्तू मोजली नाही. आमच्या घरात इतकी शांतता चिऊच्या जन्मापासून झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते आपणहून उठले. उजेड, वारा, ओल, कशाचंच नाव काढलं नाही. यानरावांनी रायफल रिकामी असल्याचं दाखवलं, व्याह्यांनी पुन्हा तपासलं आणि डाव्या हातानं, फार वेळ घेऊन, चापाचे भाग सोडवून टॉवेलवर मांडले. मग उजव्या हातात बारीक पेचकस घेतला. तो लोखंडाला टेकला आणि वाजायला लागला. टक टक टक टक. त्यांनी हात उचलला, मनगट डाव्या हातात पकडलं, पुन्हा टेकवला. टक टक टक. यानराव भले माणूस. ते बाहेर छपरावरच्या कबुतरांकडे असे बघत बसले, जणू आयुष्यात पहिल्यांदाच पाहतायत.

"चिऊबाई," व्याही म्हणाले, "तुमच्या आजीला विचारा..." आणि थांबले. चिऊ झोपली होती. गाढ, तोंड उघडं टाकून. ते तिच्याकडे बघत राहिले. तिला उठवावं का, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, ते मला स्पष्ट दिसलं. मग खाकरले.

"विहीणबाई, तुमचा हात लागेल."

मी मागे वळून पाहिलं, दुसरी कुणी विहीण उभी आहे का. कुणी नव्हतं. मग मला बोलावंच लागलं. "मला यातलं काही कळत नाही हो."

"कळायचं ते माझ्याकडे आहे. हात तेवढा तुमचा. लग्नात रुखवतावर तुमचे गव्हले होते."

होते. गव्हले म्हणजे कणकेचे गव्हाएवढे दाणे, बोटाच्या चिमटीत एकेक वळायचे. लेकीच्या रुखवतासाठी मी ताटभर वळले होते. आणि मला हेही आठवत होतं, की भर मांडवात मुलाच्या वडिलांनी चष्मा चढवून त्यातले चिमूटभर तळहातावर घेतले आणि एकेक उलटापालटा करून पाहिला. मुलाकडची माणसं, खोट काढायला काहीतरी हवंच, असं मला वाटलं. त्या दिवशी मला पंगतीत घास गेला नव्हता, आणि त्यानंतर दर दिवाळीच्या फराळात त्यांच्या डब्यात मी करंज्या मोजून घालत आले होते.

"पस्तीस पाहिले मी," व्याही म्हणाले. "सगळे एका मापाचे. असा हात आमच्या शस्त्रागारात एकाचाही नव्हता. तेव्हा बोलायचं राहून गेलं."

मी पदर खोचला, हात धुऊन आले आणि त्यांच्या जागेवर बसले. ते शेजारी उभे राहिले, अंतर राखून, हात मागे बांधून. पुढच्या तीन दुपारी मी त्यांच्या डोळ्यांनी काम केलं. चापाच्या आत चाळीस वर्षांचं तेल गुळाच्या पाकासारखं घट्ट बसलेलं होतं. ते काडीला कापूस लावून काढलं. मग एका कडेवर गवताच्या कुसळाएवढं लोखंड वर आलेलं निघालं. ते मला दिसलंच नाही, बोटाला लागलं. "लागलं ना?" ते इतक्या आनंदानं म्हणाले की चिऊ जागी झाली. पेन्सिलीएवढ्या गुळगुळीत दगडानं ते काढायचं होतं. मी दगड जरा दाबला तर म्हणाले, घासू नका, बाळाचं नाक पुसता तसं पुसा. मग मला जमलं. काय करायचं याच्यापेक्षा काय करायचं नाही, हेच ते जास्त सांगत. आतली एक स्प्रिंगही गरजेपेक्षा जाड होती. ती यानरावांनी बंदुकांच्या दुकानातून बदलून आणली. बोलता बोलता व्याह्यांनी मला दोनदा मिस्त्री म्हटलं. एकदा चुकून अरे म्हणाले आणि चिऊची माफी मागितली.

चौथ्या दिवशी सगळं जोडलं आणि काटा लावला. एक किलो नऊशे. व्याह्यांनी तीन वेळा मोजलं, तीनही वेळा तेच. पण त्यांचं त्यावर भागेना. छत्री ते विसरले नव्हते. रिकाम्या रायफलीचा घोडा चढवून त्यांनी ती रबरी पायपुसण्यावर उभी आपटली, कुशीवर थोपटली, लाकडी हातोडीनं चारी बाजूंनी ठोकली, कडी खाडखाड पुढे-मागे केली. आपणहून काही सुटलं नाही. मग ती यानरावांच्या हातात दिली. यानरावांनी भिंतीकडे धरून सुजलेलं बोट चापावर ठेवलं. टक्क, असा काडी मोडल्यासारखा एक छोटा आवाज झाला. नळी जागची हलली नाही. त्यांनी पुन्हा केलं. मग पुन्हा. अकरा वेळा केलं. त्या उंच माणसाचा चेहरा असा झाला की आता हा उड्या मारणार आणि छप्पर जाणार.

संध्याकाळी यानराव सफरचंदाचा केक घेऊन आमच्या दाराशी आले आणि जावयांना म्हणाले की तुझे वडील म्हणजे उस्ताद आहेत. त्यांनी सगळं पाहिलं होतं, तरी तेवढंच म्हणाले. मीही येताना वाटेत चिऊला सांगून ठेवलं होतं, आजोबांना म्हणावं, पंच काही बोलणार नाहीत. जेवायला बसलो तेव्हा जावई खुशीत होते. म्हणाले, बाबा, एवढं बारीक काम करताय म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. मी उगाच काळजी करत होतो. पुढच्या आठवड्याच्या विमानात दोघांचीही नावं लागलीत, सोलापूरची तयारी करा.

व्याह्यांनी नुसता घास घेतला असता तरी झालं असतं. मी ताटात बघून मनातल्या मनात त्यांना तो घ्यायला सांगत होते. त्यांनी उजवा हात टेबलाखालून वर काढला आणि ताटाशेजारी ठेवला. चमचा ताटाला लागून किणकिणायला लागला.

"तो चाप यांनी केलाय," ते म्हणाले. "माझ्या हातानं आता होत नाही. दुसऱ्याच्या कामावर मी कधी माझा शिक्का मारला नाही, आता काय मारू?"

 चिऊ खदखदून हसली. तिला वाटलं, आजोबा तिच्यासाठी वाजवतायत. तिनं ते बोट धरलं, आणि ते तिच्या मुठीतही थरथरतंय म्हटल्यावर आणखी हसली. मग व्याहीच हसायला लागले, मग लेक. जावई उठून त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले, खांद्यावर हात ठेवून.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच निघाले. व्याह्यांच्या तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, सोलापूरच्या घराची किल्ली कुरियरनं त्यांच्या मित्राकडे गेली. निघताना त्यांनी माझी बॅग स्वतः मोजली, बावीस किलो सातशे, आणि तीनशे ग्रॅम वाया जाऊ नयेत म्हणून यानरावांच्या बिस्किटांचा पुडा कोंबला.

आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. चिऊ तेव्हा बागेत असते, डच मुलांत. त्यामुळे आम्ही आमचं आम्हीच बोलतो. त्यांचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक झालाय, एक वाक्य संपायला वेळ लागतो. मी मध्ये बोलत नाही. एका रविवारी त्यांनी सांगितलं की यानराव त्यांना शेतावर घेऊन गेले होते. पहाटेचं धुकं, ओलं गवत, दोघं एका लाकडी मचाणावर घोंगड्या पांघरून. हरीण आलं, अगदी समोर, चरत उभं राहिलं. यानरावांनी रायफल खांद्याला लावली, चापावर बोट ठेवलं, आणि खूप वेळानं खाली घेतली. हरीण चरून निघून गेलं. व्याह्यांनी विचारलं, का हो? तर यानराव म्हणाले, आता ओढला की सुटणार, याची खात्री झाली. मग घाई कशाला.

हे सांगून व्याही खूप हसले, आणि हसता हसता दमले. मग विचारलं, "तुम्ही कधी येताय, विहीणबाई?"

"विमानं सुरू झाली की येते," मी म्हटलं.

विमानं केव्हाच सुरू झाली होती. त्यांनाही ठाऊक होतं.

"बरं," ते म्हणाले. "घाई नाही."